रूथगडावरचे अळीव

ऑक्टोबर लागला की आमच्या डब्लिनमध्ये दारोदार भोपळे येऊन बसतात. हे ओहायोतलं डब्लिन. आयर्लंडशी त्याचा संबंध नावापुरता, आणि आमच्या गल्लीत तर तेवढाही नाही, कारण इथं एकाआड एक घरातून संध्याकाळी फोडणीचा वास येतो. भोपळे मात्र सगळ्यांच्या दारात असतात. नवीन आले होते तेव्हा मी नवऱ्याला, समीरला, म्हणाले होते, एवढ्या भोपळ्यांचे घारगे केले तर अख्खं ओहायो जेवून उठेल. आता घारगे आठवत नाहीत. आता पहिला भोपळा दिसला की मी स्वयंपाकघरातला वरचा खण उघडते आणि अळिवाची पुडी आहे ना, ते बघते.

नसली तर आणते. आमच्या इंडियन स्टोअरच्या काकूंच्या लेखी अळीव म्हणजे बाळंतिणीचे लाडू. त्या आधी पुडीकडे बघतात, मग माझ्या पोटाकडे, आणि मग माझ्या पिकायला लागलेल्या केसांकडे. "किल्ल्यासाठी हवेत, काकू," मी सांगते. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी त्या विसरतात. "अगं बाई, दिवाळीचा किल्ला? इथं कुठली आणलीस माती?" मातीची गोष्ट लांबलचक आहे आणि मागे लाइन लागलेली असते, म्हणून मी नुसती हसते आणि कार्ड पुढं करते.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये पानं उडत असतात. इथली पानगळ दिसायला सुंदर असते असं सगळे म्हणतात, फोटोही काढतात. मला तिचा आवाज जास्त आवडतो. वाळलेल्या पानांतून चालताना होतो तो, कुरकुरीत पोहे चाळल्यासारखा. त्या आवाजात मला बाबांच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज मिसळलेला ऐकू येतो. तीन वर्षं झाली त्या ऑक्टोबरला.

आई त्या वर्षी होळीच्या सुमारास गेली. मी एकुलती एक. बाबांना साताऱ्यात एकटं ठेवायला मन धजेना, म्हणून शाळेला सुट्टी लागली तशी त्यांना इकडं घेऊन आले. बाबा आयुष्यभर हायस्कूलात भूगोल शिकवत होते, आणि लोक सकाळी दुधाला जातात तितक्या सहजपणे ते अजिंक्यताऱ्यावर जाऊन यायचे. इथं आल्यावर ते आमच्या सबडिव्हिजनमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागले. तळं बिल्डरनं खणलेलं, त्यात बदकं, आणि भोवती सिमेंटची पायवाट. "इथं चढच नाही गं कुठं," ते परत आल्यावर म्हणायचे. जणू मी तो कुठंतरी आवरून ठेवला होता.

त्यांना त्रास काहीच नव्हता, तोच मोठा त्रास होता. डिशवॉशर लावायला शिकले. माझी मुलगी आर्या तेव्हा नऊ वर्षांची, तिला बसवर सोडायला जायला लागले. लाँड्रीच्या घड्या तर अशा घालायचे की दुकानात ठेवाव्यात. पण दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या मध्येच विचारायचे, "मीनू, माझा इथं उपयोग काय?" तक्रारीचा सूर नसायचा. किती वाजले हे विचारावं तसं विचारायचे. मी लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करून म्हणायची, "बाबा, उपयोग काय म्हणताय, तुम्ही आहात हे काय कमी आहे?" आणि त्यावर ते मान हलवायचे, पटल्यासारखी नाही, वर्गातल्या मुलानं अर्धवट उत्तर दिल्यावर हलवायचे तशी.

त्यांचं परतीचं तिकीट बर्फ पडायला लागायच्या आतलं होतं. ते कॅन्सल करायचं आणि बाबांना कायमचं इथं ठेवून घ्यायचं, हा एकच विचार तेव्हा माझ्या डोक्यात. बाबा एकटेच साताऱ्याच्या घराचं कुलूप काढताहेत आणि आत अंधार आहे, हे चित्र मला काही केल्या सोसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनाही ते सोसत नव्हतं. घराचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जायचे.

अशा दिवसांत मी एकदा म्हणाले, "शनिवारी आपण कासल बघायला जाऊ. टेकडीवर आहे." एवढंच म्हणाले. इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या धाटणीचा छोटा कासल आहे, श्रीमंत माणसानं हौसेनं बांधलेला, हे सांगायला हवं होतं. पण मराठी माणसाच्या कानात कासल शिरला की डोक्यात पोचेपर्यंत त्याचा किल्ला झालेला असतो. शनिवारी सकाळी खाली आले तर बाबा तयार होते. कॅनव्हासचे बूट, कानटोपी, हातात काठी, खिशात बॅटरी. पहाटे उठून त्यांनी स्वतः पिठलं-भाकरी केली होती आणि फडक्यात बांधून घेतली होती. आई गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच भाकरी थापली होती. ती एका बाजूनं जाड होती.

"गडावर जायचं तर उपाशी जायचं का?" ते म्हणाले.

पाऊण तास ड्राइव्ह करून गेलो. सपाट मक्याची शेतं संपून टेकड्या लागल्या तसे बाबा खिडकीकडे सरकून बसले. रस्ता वळणं घेत वर चढला आणि थेट कासलच्या दारात थांबला. तिथं आखलेल्या पार्किंगच्या जागा होत्या. बाबा उतरले, काठी टेकली, आणि बराच वेळ त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

"गडाच्या माथ्यावर पार्किंग," ते शेवटी म्हणाले.

वास्तू खरोखर देखणी होती. पिवळसर दगड, एका अंगाला कमानींचा उघडा सज्जा, मध्ये चौक, कोपऱ्यात एक बुटका चौकोनी बुरूज. गच्चीच्या कडेला किल्ल्याच्या तटावर असतात तशा दातेरी चर्याही होत्या, पण शोभेच्या. त्यांच्याआड लपलं असतं तर आर्याचीसुद्धा वेणी दिसली असती. आत गालिचे, झुंबर, आणि लग्नांसाठी भाड्यानं मिळेल अशी पाटी. गाइड म्हणून एक आजीबाई होत्या, रूथ नावाच्या. बारीक चणीच्या, नारिंगी स्वेटर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या एकेक खोली उघडून दाखवत होत्या आणि बाबा मराठीत माझ्या कानाशी लागून मार्क कापत होते. चोरदरवाजा नाही. तटाला जंग्या नाहीत, मग बंदूक रोखायची कुठून? दार थेट समोर, हत्तीनं धडक दिली की संपलं.

"आजोबा, इट्स नॉट अ फोर्ट, इट्स अ कासल," आर्या म्हणाली.

"फरक काय?"

"पीपल लिव्ह इन अ कासल."

"बरोबर. किल्ल्यात राहायला जात नाहीत, टिकायला जातात," बाबा म्हणाले. "हा बंगला आहे."

मी ओशाळून रूथकडे बघितलं. तिला शब्द कळले नसले तरी सूर कळला असावा. तिनं हसून विचारलं, काही प्रश्न आहेत का? आणि बाबांनी आपल्या सावकाश, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तशा इंग्रजीत विचारलं, "मॅडम, ऑन धिस हिल, व्हेअर डिड द वॉटर कम फ्रॉम?"

रूथ थांबली. नंतर ती मला म्हणाली की लोक तिला दोनच गोष्टी विचारतात, इथं भूत आहे का आणि रेस्टरूम कुठं आहे. पाण्याचं तोवर कोणी विचारलं नव्हतं. ती आम्हाला चौकात घेऊन गेली, एक लोखंडी झाकण दाखवलं आणि म्हणाली, मला उचलत नाही. समीरनं ते उचललं. खाली दगडी टाकं होतं. सगळ्या छपरांचं पाणी पन्हळींतून तिथं येत होतं, अजूनही येतं. बाबा गुडघ्यावर बसले, एक खडा उचलून आत टाकला आणि कान देऊन ऐकलं. डुबुक आवाज आला, खोलवरून.

"टाकं आहे," बाबा म्हणाले. "मीनू, टाकं आहे."

आई गेल्यापासून त्यांनी काही जाणून घ्यायची इच्छा धरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. माझे डोळे भरून आले आणि मी पावसाच्या पन्हळींकडे बघायचं नाटक केलं. मग आम्ही कमानींच्या सज्ज्यात बसून पिठलं-भाकरी खाल्ली. रूथलाही वाढली. तिनं भाकरी सुरी-काट्यानं कापायचा प्रयत्न केला, काटा वाकला, तेव्हा बाबांनी तिला तुकडा मोडून दाखवला. ठेचा तिनं आपणहून घेतला आणि नंतर बराच वेळ उचक्या देत हसत राहिली.

पुढच्या शनिवारी बाबा आधीच गाडीत जाऊन बसले होते. त्यानंतर तो नेमच झाला. रूथनं त्यांच्या गळ्यात व्हॉलंटियरची पट्टी अडकवली. ती त्यांना प्रोफेसर म्हणायची, ते तिला रूथबाई म्हणायचे. आणि कासलचं नाव त्यांनी ठेवलं रूथगड. मी म्हणाले, बांधला दुसऱ्यानं आणि नाव हिचं कसं? बाबा म्हणाले, गड बांधणाऱ्याचा नसतो, राखणाऱ्याचा असतो.

बांधणाऱ्याची गोष्ट मजेशीर होती. या टेकड्यांतल्या मातीचे पाईप करून तो श्रीमंत झाला. पाईप कसले, तर सांडपाण्याचे. गावोगावच्या मोऱ्या त्याच्या पाईपांनी वाहत्या झाल्या. त्याची बायको लग्नानंतर इटलीला जाऊन आली आणि तिथल्या टेकड्यांवरचे कासल तिच्या मनात बसले, म्हणून यानं तिच्यासाठी हा बांधला. ती इथं जेमतेम एक उन्हाळा राहिली. कमानींतून वारा शिट्ट्या घालायचा, बोलायला शेजारीण नाही, स्वयंपाकीण कंटाळून निघून गेली. शेवटी बाईनंही सामान आवरलं आणि गावात राहायला गेली. "हाफ ऑफ द स्टेट गॉट गुड ड्रेन्स फ्रॉम हिम," बाबा पर्यटकांना सांगायचे, "अँड हिज वाइफ गॉट धिस." लोक हसायचे. बाबांनी आयुष्यभर वर्गाला हसवलं होतं, ती कला गंजली नव्हती.

पण त्यांना गोष्टीचा पुढचा भाग जास्त प्रिय होता. मोकळा पडलेला कासल छातीच्या रोग्यांना दिला गेला. त्यांना हवा हवी म्हणून खाटा त्याच सज्ज्यात मांडल्या. जो वारा त्या बाईला पळवून लावत होता, तोच यांचं औषध झाला. बाबा हे सांगताना थांबायचे आणि कमानींकडे हात करायचे, आणि नेमका कधी कधी वारा यायचा. रोगी गेले तेव्हा अनाथ मुलींचं वसतिगृह आलं. तेही बंद झालं, तेव्हा सफरचंदाच्या बागवाल्यांनी तळघरात पेट्या रचल्या. दमट दिवशी तळघराचं दार उघडलं की अजून सफरचंदाचा वास येतो. मी स्वतः घेतलाय. लग्नंबिग्नं नंतरची.

एका शनिवारी परतताना बाबा गाडीत म्हणाले, "वरची ती आरशाची खोली आहे ना, नवरीला नटवायची?"

"हो."

"रूथबाईंची खाट तिथं होती. खिडकीजवळ."

मला आधी कळलंच नाही. रूथ त्या वसतिगृहात वाढलेली होती. इतकी वर्षं ती लोकांना ती खोली दाखवत होती, इथं मुली झोपायच्या असं सांगत होती, आणि त्यातली एक मी, हे कोणाला सांगत नव्हती. बाबांनाच का सांगितलं, मी विचारलं. "मी विचारलं म्हणून," बाबा म्हणाले. "मुली किती होत्या ते नाही विचारलं. थंडी वाजायची का, असं विचारलं."

रूथ आणि बाबांच्या बाबतीत सगळ्यात गमतीचा होता तो निरोप. दुपारी कुलूप लावून निघताना बाबा दाराच्या चौकटीला हात लावायचे आणि म्हणायचे, "येतो." रूथला नाही, आम्हाला नाही, वास्तूला. रूथनं एकदा अर्थ विचारला. बाबांनी सांगितलं, आमच्यात निघताना मी जातो म्हणत नाहीत, मी येतो म्हणतात. रूथला ते इतकं आवडलं की तीही चौकटीला हात लावून म्हणायला लागली, "येतो."

"शी शुड से येते," आर्या मागच्या सीटवरून म्हणाली. "शी इज अ गर्ल." आणि मग खिडकीची काच खाली करून मोठ्यानं, "रूथआजी, येतो नाही, येते!"

गाडीत आम्ही तिघांनीही तिच्याकडं वळून बघितलं. आमची मुलगी मराठीत प्रश्न विचारला तर इंग्रजीत उत्तर द्यायची. तिनं दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करायचा तो पहिलाच प्रसंग. रूथनं हात हलवला आणि परत म्हणाली, "येतो." बाबा आर्याला म्हणाले, "राहू दे. शिकवणारा पुरुष होता, चूक माझी."

त्या वर्षी आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम रूथगडाच्या चौकात करायचं ठरलं. अर्थात बाबांच्या खटपटीनं. आणि त्यांनी जाहीर केलं की मुलांकडून किल्ला करवून घेणार. रूथनं टेकडीमागची मातीची दरड दाखवली. करडी, चिकट, हाताला लोण्यासारखी लागणारी. ज्या मातीचे पाईप झाले, ज्या पाईपांचा कासल झाला, त्याच मातीचा आता किल्ला व्हायला लागला. पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या आयटीवाल्यांची मुलं कोपरापर्यंत बरबटली. त्यांच्या आया आधी "अरे, जॅकेट खराब होईल" म्हणत उभ्या होत्या, मग त्याही बसल्या. बाबांनी महादरवाजा वळणावळणाचा करवून घेतला, चोरदरवाजा ठेवला, आणि सगळ्यात आधी टाकं खणलं. माथ्यावर महाराजांची मूर्ती, जी कोणीतरी सामानातून जपून आणली होती, आणि तटावर पहाऱ्याला आर्याचे लेगोचे शिपाई. त्यांतला एक अंतराळवीर होता.

मग बाबांनी खिशातून पुडी काढली. अळीव. मी ती पुडी ओळखली. आईच्या स्वयंपाकघरातली, तिच्या हाताची गाठ मारलेली. निघताना त्यांनी ती बॅगेत टाकली होती, लाडू करशील म्हणून, आणि मला द्यायची मात्र हिंमत होत नव्हती. त्यांनी निम्मे अळीव तटांवर, उतारांवर पेरले. थंडी इतकी की काही दिवस काहीच उगवेना. रूथ रोज रात्री किल्ल्यावर जुनी चादर घालत होती, वसतिगृहातली असावी. आणि मग उगवले. हिरवी लव, अगदी सातारच्या अंगणात उगवायची तशीच. फोनवर रूथनं बातमी दिली तेव्हा बाबा उभे राहून बोलत होते.

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही चकल्यांचे डबे घेऊन पोचलो तर चौकात मुलं रडत होती. किल्ल्यावर हिरवं काही उरलं नव्हतं. कात्रीनं कापावं तसं सगळं साफ. मातीत खुरांचे ठसे, महादरवाजा खचलेला, अंतराळवीर चिखलात रुतलेला. हरणं येऊन गेली होती.

बाबा वाकले, ठसे बघितले, माग काढत चोरदरवाजापर्यंत गेले. आणि हसायला लागले. आधी हळू, मग असे की चौकटीला धरून उभं राहावं लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. मुलं रडायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. रूथ म्हणाली, "प्रोफेसर, इतक्या वर्षांत या कासलवर झालेला हा पहिला हल्ला." त्यावर ते आणखीच हसले. आईचं सगळं करताना न आलेलं रडू त्या हसण्यात वाहून जाताना मी बघत होते आणि मलाही हसू आवरेना.

समीर म्हणाला, "बाबा, जाळी आणू का? हार्डवेअरच्या दुकानात हरणांचा स्प्रेपण मिळतो."

"नको रे. पेरलंय म्हणजे कोणीतरी खाणारच." त्यांनी उरलेले अळीव ओलसर मातीवर टाकले. पुडी उलटी करून झटकली. आईच्या गाठीचा दोरा तेवढा काढून खिशात ठेवला.

त्या दुपारी फराळ झाला, मुलांची गाणी झाली, आणि मी बाबांना सज्ज्यात गाठलं. मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. आता त्यांना इथं उपयोग सापडला होता. मी म्हणाले, "बाबा, तिकीट कॅन्सल करू या. ग्रीन कार्डचं बघू. इथं तुमचा जीव रमतोय. त्या घरात आता काय आहे?"

बाबा कमानीबाहेर बघत होते. खाली सगळी टेकडी तांबडी-पिवळी झाली होती.

"निघताना कुलूप लावलं ना," ते म्हणाले, "तेव्हा मी येतो म्हणालो."

"कोणाला?"

"घराला. तुझ्या आईला. रोज शाळेत जाताना स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायचो तसंच. आतून हं यायचं. एवढंच, हं. या वेळी आलं नाही. तरी मी म्हणालो. मला त्या घराची भीती वाटते, मीनू. बाई गेली, घर संपलं, असंच धरून बसलो होतो. आणि ही रूथबाई मला महिनाभर दाखवतेय, की इथनंही एक बाई निघून गेली होती."

मी भांडले. थंडीचं कारण काढलं, बीपीचं काढलं, आर्याचं काढलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "येतो म्हटलंय गं. यायला लागतं."

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या लाइनीत शिरण्याआधी त्यांनी आमच्याकडे वळून तोच शब्द टाकला, आणि मी मनात म्हणाले, बाबा, आता तुम्ही दोन्हीकडं अडकलात. घरी येऊन मी त्यांनी घडी घातलेले टॉवेल आठवडाभर वापरले नाहीत.

साताऱ्याच्या घरी काय झालं ते मला फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आधी बाहेरच्या खोलीत दोन मुली अभ्यासाला यायला लागल्या, जवळच्या वस्तीतल्या, घरी बसायला जागा नसलेल्या. मग त्यांच्या मैत्रिणी. बाबांनी हॉलमधला सोफा काढला, सतरंज्या टाकल्या. स्वयंपाकघर मात्र बंद. मग एका पावसाळी संध्याकाळी एकीनं न विचारता आत जाऊन सगळ्यांना चहा केला आणि आईचा साखरेचा डबा वेगळ्या फळीवर ठेवला. बाबा दोन दिवस माझ्याशीसुद्धा तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या फळीवर बरा दिसतो गं डबा." त्यानंतर फोनवर मागून नेहमी कलकल ऐकू येते. बाबांना माझ्याशी बोलायला वेळ कमी असतो. याचं मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम.

आणि रूथगड? लग्नं बंद झाली. तो आता म्हाताऱ्यांचं डे सेंटर झालाय. गावाकडून व्हॅन येते, लोकांना सकाळी आणते, दुपारी नेते. सज्ज्यात काचा बसवल्यात, तिथं ते ऊन खात बसतात. परवा मी फराळाचा डबा घेऊन गेले. रूथ आता तिथं गाइड नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती त्या व्हॅनमधूनच येते, वॉकर घेऊन. "आधी मी इथं झोपायचे, मग लोकांना आत घ्यायचे, आता मला आत घेतात," ती म्हणाली. डोकं तल्लख आहे तिचं. पत्त्यांत सगळ्यांना हरवते. चकली मोडून खाल्ली, हातानं.

व्हॅन आली तशी ती उठली. दाराशी वॉकर थांबवून तिनं चौकटीला हात लावला आणि म्हणाली, "येतो." तिथल्या नवीन मुलीनं मला हळूच विचारलं, हे काय आहे, प्रार्थना? रूथ निघताना रोज म्हणते. मी म्हणाले, नाही, गुडबाय म्हणतात तसं. मग स्वतःलाच ते खोटं वाटलं. "आय विल कम, असा अर्थ आहे," मी सांगितलं. व्याकरणाचं काही बोलले नाही.

आज शनिवार. आर्या बारा वर्षांची झालीय, कानात हेडफोन असतात, पण किल्ला या वर्षी तिनं एकटीनं केला, आमच्या मागच्या अंगणात, रूथगडाच्या दरडीवरून आणलेल्या मातीचा. आधी टाकं खणलं. अळीव उगवलेत. सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी उभी होते तर तीन हरणं कुंपण ओलांडून आली आणि शांतपणे तट खायला लागली. मी फोन काढून बाबांना व्हिडिओ लावला. तिकडं संध्याकाळ होती. मागं मुली मोठ्यानं भूगोल घोकत होत्या.

"खाऊ दे, खाऊ दे," बाबा म्हणाले. बघत राहिले. मग रूथबाईंच्या पायाची चौकशी केली, आर्याला महादरवाजाचे पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि म्हणाले, "बरं चल, येतो."

फोनवर कोणी येतो म्हणत नाही. फोनवर ठेवतो म्हणतात. बाबांची कधी शब्दाची चूक होत नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबा, ठेवतो म्हणा."

"ठेवतो कशाला? येतो. या पोरींच्या परीक्षा झाल्या की येतो. तिकीट काढलंय. किल्ली यांच्याकडंच देणार आहे. रूथबाईंना सांगून ठेव."

मी विचारलं, "आणि निघताना घराला काय सांगाल?"

"तेच," बाबा म्हणाले. "आता आतनं हं म्हणायला पोरी आहेत."